कडेवर मूल, हातात बाबागाडी आणि दुकानाच्या दोन पायऱ्या

कापड बाजारात चार दुकानदार एकत्र बसले की बोलणे फिरून एकाच विषयावर येते. गिऱ्हाईक कमी झाले, थोडे मॉलने नेले, उरलेले मोबाईलने नेले. भाव, उधारी, जीएसटी, मालाचा दर्जा या सर्वांवर चर्चा होते. परंतु ज्या बाईच्या हातात घरची खरेदी असते ती आपल्या दुकानापर्यंत पोहोचते कशी, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्यातही जिचे मूल सहा-आठ महिन्यांचे आहे आणि जी बाबागाडी ढकलीत बाजारात आली आहे, तिचा तर नाहीच नाही. आज तिच्या अडचणींचा हिशेब मांडावयाचा आहे, आणि तो दयेच्या नव्हे, धंद्याच्या वहीत मांडावयाचा आहे.

ज्या घरात पाळणा हलतो त्या घरात कापड सर्वांत जास्त लागते, हे कोणत्याही जुन्या बजाजाला विचारा. बाळंतविड्यासाठी मलमल, फ्लॅनेल, झबली, दुपटी. मग दर चार-सहा महिन्यांनी मूल वाढते आणि मागचे कपडे तोकडे होतात. मध्ये अकीका येतो, ईद येते, घरातले एखादे लग्न येते. ही बाई एकदा आपल्या दुकानी बसली आणि समाधानाने उठली, तर पुढची पंधरा वर्षे ती दुसरीकडे जात नाही. आणि एकदा वैतागून गेली, तर तिच्याबरोबर तिची जाऊ, नणंद आणि शेजारीणही जाते.

पूर्वी ही अडचण एवढी जाणवत नसे, कारण मूल घरी ठेवून येण्याची सोय होती. नानी, दादी, फूफी, कोणी ना कोणी घरात असेच. आता मुंब्रा, मीरा रोड, पुण्यात कोंढवा अशा ठिकाणी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि मूल एवढेच कुटुंब राहते. नवरा सकाळी नोकरीवर जातो. त्याला सुट्टी रविवारी, आणि मुंबईचे मंगलदास मार्केट रविवारीच बंद. म्हणजे ज्या दिवशी मुलाला धरायला दुसरे हात मोकळे असतात, त्या दिवशी कापडाची ही मोठी बाजारपेठ कुलूपबंद असते. साहजिकच बाई आठवड्याच्या मधल्या दिवशी एकटी येते आणि मुलाला बरोबर आणते.

आता वजनाचे पाहा. वर्षाचे निरोगी मूल साधारण नऊ किलोचे भरते. आपल्या भाषेत सांगायचे तर छत्तीस इंची पन्ह्याचे, मीटरला शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर वजन असलेले पॉपलीन घेतले, तर शंभर मीटरचा ताका नऊ-दहा किलोचा होतो. आपला सेल्समन तो ताका फळीवरून काढतो, गादीवर टाकतो आणि हात झटकतो. ही बाई तोच ताका दोन-तीन तास कडेवर घेऊन फिरते, आणि तिचा ताका हातपाय हलवतो, रडतो, दुपट्टा ओढतो. शिवाय दुसऱ्या हातात पिशव्या.

यावर माणसाने बाबागाडीचा इलाज शोधला, पण तो आधी श्रीमंतांसाठी होता. इंग्लंडमध्ये १७३३ च्या सुमारास विल्यम केंट याने एका ड्यूकच्या मुलांसाठी अशी गाडी बनविली, तिला म्हणे बकरी किंवा लहान तट्टू जुंपत असत. पुढे ढकलण्याच्या गाड्या आल्या, पण त्या जड, पाळण्यासारख्या. बाजाराच्या कामाची गाडी आली ती १९६५ मध्ये. ओवेन मॅकलॅरन नावाचा इंजिनिअर विमानांच्या कामातला होता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांची, म्हणजे उतरताना बाहेर येणाऱ्या पायांची, रचना करण्यात त्याचा हात होता. त्याने तीच अक्कल वापरून ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तिचे वजन तीन किलोच्याही आत होते. एका हातात मूल, दुसऱ्या हाताने गाडी मिटून बसमध्ये चढता यावे, हा तिचा सगळा मुद्दा. आज आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त गाड्या तिच्याच वंशातल्या आहेत.

आपल्या कोकणातल्या घरांत ही गाडी आखाताच्या वाटेने आली. रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी कुटुंबे कुवेत, दुबई, मस्कतला राहून आली. तिकडे सुनेने मुलाला गाडीत घालून मॉलमध्ये खरेदी केली, लिफ्टने वर-खाली गेली, सगळे सुरळीत. गावी किंवा मुंबईला परतताना ती गाडी सामानाबरोबर विमानातून आणली. इथे ती दोनदा बाजारात गेली आणि मग माळ्यावर चढली. मी स्वतः काही घरांत पाहिले आहे, तिच्यात आता जुन्या गोधड्या ठेवतात. गाडीचा त्यात काही दोष नाही.

दोष रस्त्याचा आहे, आणि रस्त्यात आपलाही वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट जागा मोकळी हवी, आणि पदपथाची कड रस्त्यापासून सहा इंचांहून उंच नको. बाबागाडीला त्यातले दोन फूटही पुरतात. पण बाजारात ते दोन फूट तरी सलग मिळतात का? फेरीवाल्याला आपण नावे ठेवतो. परंतु दुकानाबाहेर आलेला पुतळा कोणाचा? हँगरला टांगलेले कुर्ते, स्टुलावर रचलेले सेलचे ड्रेस, दाराशी उभी केलेली मोटारसायकल कोणाची? महानगरपालिकेकडे तक्रार अवश्य करावी, पण त्या आधी आपला पुतळा आत घ्यावा. त्याने काही विक्री बुडत नाही. पुतळ्याला वळसा घालण्यासाठी जी बाई गाडी घेऊन रस्त्यात उतरते, तिच्या मागे रिक्षाचा हॉर्न वाजत असतो. अशा वेळी ती पुतळ्याच्या अंगावरचा कुर्ता बघत नाही.

मुंबईत तर आता एक विचित्र गोष्ट झाली आहे. मेट्रो-३ ही भुयारी लाईन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि काळबादेवी स्थानक कापड बाजाराच्या अगदी जवळ आले. फलाटावरून लिफ्ट आहे. बाबागाडीवाली आई इतक्या वर्षांत प्रथमच एकही जिना न चढता बाजाराच्या तोंडाशी येऊ शकते. आणि तिथून पुढे हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, उघडे गटार, चिंचोळी गल्ली. सरकारने मैलोगणती भुयार खोदून गिऱ्हाईक आणून दिले, शेवटची दोनशे पावले आपल्याला सांभाळायची आहेत.

त्या दोनशे पावलांनंतर येतो आपला ओटा. जुनी दुकाने रस्त्यापासून उंच बांधली गेली त्याला कारण आहे. पावसाळ्यात गल्लीत पाणी भरते आणि खालच्या फळीवरचा माल भिजला तर तो सेकंडच्या भावानेही जात नाही. त्यामुळे ओटा फोडा असे मी म्हणणार नाही. कायमचा उतार बांधण्यातही गणित आडवे येते. चाकाच्या खुर्चीला सोयीचा उतार म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट उतार लागेल, दोन पायऱ्यांना बारा फूट. तेवढ्यात समोरच्याचे दुकान येईल! ज्यांची एकच पायरी आहे आणि समोर जागा आहे त्यांनी तो जरूर करावा, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. बाकीच्यांना मुलगा शिकवून ठेवणे शक्य आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

हे शिकवणेही नीट हवे. दुकानातला पोऱ्या बहुधा पुढे धावतो आणि मुलासमोरचा आडवा दांडा धरून गाडी उचलतो. तो दांडा पुष्कळ गाड्यांत निघणारा असतो, हातात येतो. उचलायचीच असेल तर आईला मूल काढून घेऊ द्यावे आणि रिकामी गाडी खालच्या सांगाड्याला धरून वर घ्यावी. एखादी पायरी असेल तर गाडी उलटी फिरवून मागची चाके आधी चढवावीत, सोपे जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खरेदी झाली की सेल्समन अदबीने पिशवी गाडीच्या मुठीला अडकवून देतो. हे कधीही करू नये. मूल बसले आहे तोवर गाडी तोल धरते. आईने मूल उचलले की पिशवीच्या वजनाने गाडी मागे उलटते, आणि मूल आत असतानाही पिशव्या जड असल्या तर उलटू शकते. पिशवी खालच्या जाळीत ठेवावी. जास्त माल असेल तर दुकानात राहू द्यावा आणि घरपोच पाठवावा. वीस मीटर पडद्याचे कापड घेतलेल्या बाईला एवढे मागावे लागू नये.

मुंब्र्याहून लोकलने सीएसएमटीला यायला तास-सव्वा तास जातो, जायला तेवढाच. लहान मूल दोन-तीन तासांनी दूध मागते, आणि पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय दुसरे काही देऊ नये असे डॉक्टर सांगतात. म्हणजे मुलाची दुधाची वेळ बाजारातच येणार, हे घरून निघतानाच ठरलेले असते. एसटी महामंडळाने स्थानकांवर हिरकणी कक्ष केले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिले, हे छान झाले, कक्ष सगळीकडे छान ठेवले आहेत असे मात्र नाही. आपल्या कापड बाजारात काय आहे? पडद्याच्या कापडाचे ताके छताला टेकले आहेत आणि आई पडद्यासाठी जागा शोधते आहे. ट्रायल रूमला जाड पडदा, आत एक स्टूल आणि एक छोटा पंखा, एवढ्याने काम होते. ट्रायल रूम नसेल तर गादीच्या मागचा कोपरा. आणि त्या वेळी दुकानातल्या पुरुषांनी आपले तोंड हिशेबाच्या वहीत घालावे.

आता थोडे कटू बोलतो. या गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त त्रास आपल्या घासाघिशीचा होतो. बाराशे सांगायचे, आठशेवर यायचे, मध्ये चहा, मध्ये चाळीस ताके उलगडायचे, ही बाजाराची जुनी रीत आहे आणि तिची एक गंमतही आहे. पण ती रिकाम्या वेळेच्या माणसाची गंमत आहे. मूल कुरकुरायला लागले की आईकडे दहा मिनिटे उरतात. त्या दहा मिनिटांत तिला खरा भाव कळला तर ती घेते. नाही कळला तर ती म्हणते, “चाचा, उद्या येते.” हा उद्या सहसा उगवत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री मूल झोपल्यावर ती मोबाईल उघडते, तिथे भाव लिहिलेला असतो. मोबाईलवर कापडाला हात लावून पाहता येत नाही, रंग फोटोत एक आणि हातात दुसरा निघतो, तरी ती घेते. तेव्हा लहान मुलांच्या कापडावर तरी भावाची चिठ्ठी लावावी, आणि परत-बदलीसाठी तिला पुन्हा पूर्ण फेरी पडू नये म्हणून मुदत भरपूर ठेवावी.

मॉलमध्ये सगळे आलबेल आहे असेही समजू नये. तिथे लिफ्टपुढे रांग असते, मग उतावीळ माणसे मुलासकट गाडी सरकत्या जिन्यावर चढवतात. हे धोक्याचे आहे, पुढची चाके कडेत अडकली तर गाडी उलटते. कपड्यांचे रॅक तिथेही इतके जवळ लावतात की गाडी वळत नाही. फरक एवढाच की तिथे जमीन सपाट आहे.

जाता जाता आपल्याच मालाबद्दल एक सूचना. उन्हाळ्यात पुष्कळ आया मीटर-दीड मीटर मलमल मागतात, विचारले तर सांगतात की गाडीवर टाकायला, उन्हापासून आडोसा. मलमल पातळ आहे, हवा जाईल असे त्यांना वाटते. परंतु गाडी चहूबाजूंनी झाकली की पातळ कापडाखालीही आत उष्मा साठतो आणि बाहेरून मुलाचा चेहरा दिसत नाही. कापड जरूर द्यावे, पण सांगावे की छताच्या बाजूने एवढेच टाका, पुढची बाजू उघडी ठेवा, आणि दुपारी बारा ते चार शक्यतो येऊच नका. अकरा वाजता या, त्या वेळी दुकान उघडलेले असते, गर्दी नसते, मुलगा गाडी वर घ्यायला मोकळा असतो, आणि दिवसाची बोहनी तुमच्या हातून होईल.