शहाद्याचा तो फोटो

आफ्रिकेची सफारी करून आलेल्या जळगाव-धुळ्याच्या हौशी मंडळींच्या मोबाइलमध्ये पाणघोडा हमखास असतो. तो शोधावा लागत नाही. दिवसभर डोहात डुंबत असतो, नाक-कान-डोळे तेवढे पाण्यावर. जपायचे असते ते अंतर, कारण चिडला की अंगावर येतो आणि माणसाला पळून सुटता येत नाही. आपल्या सातपुड्यातला मामला नेमका उलटा. इथला एक निरुपद्रवी पक्षी ११३ वर्षे कुणाला दिसलाच नव्हता.

तो रानपिंगळा. वीतभर उंचीचे घुबड. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेल्या ए. ओ. ह्यूम यांनीच १८७३मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात काही रानपिंगळे टिपले, अर्थात बंदुकीने. शेवटचा नमुना १८८४चा.

मग एका थापेने घोळ घातला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. प्रत्यक्षात तो डेव्हिडसन यांचाच, लंडनच्या संग्रहातून चोरून नव्याने शिवलेला नमुना होता! अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासून लबाडी उघडी पाडली. मांडवी यादीतून गेली आणि जुन्या, खऱ्या जागा उरल्या. आधी पूर्वेकडची जंगले पालथी घालून त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याला आल्या. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी किंग यांना पक्षी दिसला. फोटो निघाले, व्हिडिओही झाला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला.

नुसते ‘पाहिला’ म्हणून भागले नसते. गावाकडचा साधा पिंगळा बराचसा असाच दिसतो आणि त्यालाच रानपिंगळा समजण्याची चूक जाणकारांकडूनही झाली होती. म्हणून फोटोत डोके नीट यायला हवे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचे जवळजवळ कोरे. छातीवर सलग तपकिरी रंग, शेपटीवर रुंद पट्टे, चोच दणकट.

हे घुबड दिवसाउजेडी शिकार करते, हे फोटोवाल्याचे नशीबच. पानगळीनंतर सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे हेरते. नंतर ते जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात आणि मेळघाटातही सापडले, तरी धोक्यातल्या जातींच्या यादीत ते अजून आहेच. तिथे जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये. हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो घरटे सोडून धावून येतो. आणि फोटो टाकताना जागेचे नाव ‘सातपुडा’ एवढेच लिहावे.