पाण्यावर फिरणारे जाते

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौक आहे. १८५७ च्या उठावात इथल्या घोडदळाच्या शिपायांनी बंड केले. त्यांची आठवण या चौकात आहे. एकदा आम्ही वर्गातली मंडळी तिथे जमलो आणि खाम नदीच्या काठी पाणचक्की पाहायला निघालो.

पाणचक्की म्हणजे पाण्यावर फिरणारे जाते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात फकीर, यात्रेकरू पुष्कळ असत. त्यांच्यासाठी इथे दळण होई. सन १७४४ च्या सुमारास इथे पाणी आणले, असे सांगतात.

हे पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून, काही कोसांवरून येई. ना पंप, ना मोट! मग ते आले कसे? जमिनीत खापराचे नळ पुरले होते. उगम उंचावर, चक्की खाली. नळात कोंडलेले पाणी सखलात उतरते, पण उगमाच्या उंचीपर्यंत पुन्हा वर चढू शकते. घरी करून पाहा. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि तिची दोन्ही तोंडे वर धरा. दोन्हीकडे पाणी सारखेच राहील.

वाटेत जागोजागी विटांचे मनोरे आहेत. पाणी मनोऱ्यात वर चढे, नळातली अडकलेली हवा निघून जाई, आणि पाणी पुढच्या नळात उतरे. हवा अडकली की पाणी अडते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

शेवटी पाणी उंचावरून खाली पडे. त्याचा मार चाकाच्या पात्यांवर बसे. चाक फिरे, चाकाचा दांडा फिरे, आणि दांड्याबरोबर वरची तळी फिरे. खालची तळी जागेवरच! आमच्यातल्या एक आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, हे तर आमचं जातंच की! असं असतं तर आमचे हात वाचले असते. पहाटे उठून दळायचं, मग शेतावर जायचं." आम्ही गप्प झालो. त्यांच्या तळहातावरचे घट्टे अजून दिसत होते.

या शहराला पाणी आणण्याची विद्या जुनी आहे. मलिक अंबर हा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली खडकी गाव वसवले. तेच आजचे हे शहर. त्याने नहर खोदवून गावाला पाणी दिले. आज शहराचे पाणी पैठणजवळच्या जायकवाडीहून येते, पण ते पंपाने वर चढवावे लागते. त्याला वीज लागते, पैसा लागतो.

आता पाणचक्कीत रोजचे दळण होत नाही. पण वाटेवरचे मनोरे, नळ म्हणजे नुसत्या पडीक विटा नव्हेत. त्या आपल्या पूर्वजांच्या अकलेच्या खुणा आहेत. आपल्या गावात पाया खणताना जुना खापरी नळ लागला, तर कुदळ थांबवा. ग्रामपंचायतीला कळवा. फोडायला एक घाव पुरतो. पुन्हा घडवायला तो कारागीर कुठून आणणार?