तापलेली गाडी आणि कुंभाराचं गाढव

जुनी फियाट किंवा अॅम्बॅसिडर साताऱ्याकडे खंबाटकी चढून आली, चहासाठी बंद केली, की पंधरा मिनिटांनी सुरूच होत नसे. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं. अर्ध्या तासानं गाडी सुरू, आणि निदान पक्कं: व्हेपर लॉक.

असेलही. इंजिन बंद झालं की पंखा आणि वाहतं पेट्रोल, दोन्ही थांबतात. बॉनेटखालचं तापमान उलट चढतं. पंपात वाफ झाली की पेट्रोल पुढे ढकललं जात नाही. घाटच हवा असं नाही; सांगलीच्या सपाटीवर एप्रिलची दुपार पुरते.

पण त्या अर्ध्या तासात इग्निशन कॉइलही थंड झाली ना? नैयायिक सांगतात, घड्याआधी कुंभाराचं गाढव हजर असतं, म्हणून ते घड्याचं कारण ठरत नाही. ते अन्यथासिद्ध. फडकं हे तसलं गाढव नाही कशावरून?

तेव्हा गाडी अडली असतानाच बघायचं. स्टार्टर जड फिरतोय? बॅटरी, तारा, स्टार्टर. झटक्यात फिरतोय आणि पेट्रोलचा भपकारा येतोय? कार्ब्युरेटर ओव्हर झालाय. तिथे ठिणगी पाडून बघू नका. वास नसेल तर स्पार्क तपासा. तो नसला तर कॉइल किंवा कंडेन्सर. असला, तर लगेच फडकं, आणि फक्त पंपावर. दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तरच संशय वाफेवर.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, तिथे फडकं व्यर्थ. स्टार्टर न मारता किल्ली दोन-तीनदा ऑन करा. त्यानं सुरू झाली, तर लाइनमधला दाब टिकत नाहीये, असं धरून पुढे शोधा.