चित्र पुढे गेले, कथेकरी मागे राहिला

गेल्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी खोपटच्या एसटी स्थानकात बसची वाट पाहत बसले होते. शेजारी कुडाळला निघालेल्या एक मावशी होत्या. बोलता बोलता त्यांनी मोबाइल पुढे केला आणि सकाळी लावलेले ‘स्टेटस’ दाखवले. एकामागून एक सहा फोटो. कुलूप लावलेले दार, पायरीवर वाढलेले गवत, रिकामा पाट. हे तीन गावच्या शेजाऱ्याने पाठवलेले. मग ठाण्याच्या घरातली भरलेली पिशवी, बसची पाटी आणि शेवटी मावशींचा स्वतःचा चेहरा. त्यावर एकच ओळ : ‘येतंय गे आये.’

‘‘हे सगळ्यांना कळेल?’’ मी विचारले.

‘‘जेंका कळूक व्हया, तेंका कळतला,’’ मावशी म्हणाल्या.

त्यांच्या या उत्तराने मला कामाला लावले. मोबाइलचा कॅमेरा, आयती चौकट, दोन ओळी, मागे गाण्याचा तुकडा : एवढ्या साधनांवर आपल्याकडची निरनिराळी माणसे गोष्टी कशा रचतात, हे मी वर्षभर खोपट, हंसनगर, सिद्धेश्वर तलाव या परिसरात पाहत आणि टिपत राहिले. चित्र काढता यावे लागत नाही, छापखान्यात जावे लागत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो-चित्रफितींचे स्टेटस फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. ते चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते. साधन नवे आहे. पण चित्रे ओळीने मांडून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

मावशींची बस ज्या कुडाळला जाणार होती, त्याच्या शेजारीच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली. एका आख्यानाच्या चित्रांची मिळून एक पोथी होते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने गात, सांगत पुढे जातो. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा अनेकांना पिंगुळीचे नाव प्रथम कळले. या रीतीतली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. चित्र एकटे कधीच फिरत नाही. त्याच्यामागे माणूस बसलेला असतो. प्रेक्षकाने ‘हा कोण?’ विचारले, तर उत्तर द्यायला तो हजर असतो.

मोबाइलने चित्र आणि कथेकरी यांची ताटातूट केली. मी पाहिलेली माणसे ती आपापल्या परीने भरून काढतात, किंवा काढत नाहीत.

वाढदिवसाचे शुभेच्छाफलक करणारा डीटीपीवाला घ्या. पूर्वी तो फ्लेक्स छापून नाक्यावर टांगायचा, आता तीच मांडणी मोबाइलच्या मापात करून पाठवतो. मधोमध उत्सवमूर्ती, वर नेते, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. ‘‘खरं काम रंगांचं नसतं, कोणाचा फोटो कोणाच्या वर, त्याचं असतं,’’ असे एकाने मला सांगितले. एका चित्रात वॉर्डाच्या राजकारणाचा अख्खा अध्याय असतो. इथे कथेकरी लागत नाही, कारण वाचणारे सगळे आतले असतात.

घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांचे उलट. भाजणी, सोऱ्या, कढईतली चकली, भरलेला डबा, असा क्रम त्या लावतात आणि त्यावर स्वतःच्या आवाजात बोलतात. आयते गाणे टाकले की विचारपूस कमी होते, आवाज टाकला की फोन येतात, असे त्यांच्यापैकी दोघींनी सांगितले. गिऱ्हाईक अनोळखी असते. त्याला चकलीइतकाच ती करणाऱ्या बाईचा भरवसा हवा असतो.

शिक्षकांनी हे आधीच ओळखले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून छापील पानामागे आवाज आणि चित्रफीत उभी केली. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पुस्तकातल्या चित्राला बोलणारा माणूस परत मिळाला, असे मी त्या कामाकडे पाहते.

सर्वांत तोकडे पडतात ते श्रद्धांजलीचे फलक. फुलांची चौकट, समई, दोन तारखा. चाळीस वर्षे गिरणीत राबलेला माणूस आणि कालपरवा गेलेला तरुण, दोघांची गोष्ट सारखीच दिसते. आयत्या चौकटीत शोक चटकन व्यक्त करता येतो, आणि त्या घटकेला घरच्यांना तेवढाच आधार हवा असतो. पण गेलेल्या माणसाबद्दल त्यातून काहीच उरत नाही.

कथेकरी नसण्याची किंमत याहून फार मोठी असू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव फिरून भिक्षा मागणारे होते. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या भागात आधीच भीती पसरली होती. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरून मूल उचलणारी माणसे शेवटी ते परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश देतात. कोणीतरी नेमका हा शेवट कापला. पुढे व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. चित्रकथीच्या पोथीतले शेवटचे पान कोणी फाडले असते, तर कथेकऱ्याने ते तोंडी सांगितले असते. इथे सांगणाराच नव्हता. आणि दारोदार जाऊन तोंडाने गोष्ट सांगू शकणारी माणसेच त्यात बळी गेली.

दुसरी किंमत विस्मरणाची आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांनी केलेले काम एका रात्रीत दिसेनासे झाले. स्टेटस तर रोजच पुसले जाते. आपल्या काळातल्या साध्या माणसांनी स्वतःबद्दल रचलेल्या गोष्टींचा सर्वांत मोठा साठा बहुधा हाच असेल, आणि तो कोणत्याही ग्रंथालयात जमा होत नाही. सगळे साठवावे असे मी म्हणत नाही. पुसले जाणार म्हणूनच कित्येक जण मोकळेपणाने सांगतात. पण घरातल्या कोणाची एखादी चित्रमालिका मनाला भिडली, तर ती उतरवून घ्यावी, आणि सोबत त्याच माणसाच्या आवाजात दोन मिनिटे मागावीत : हे घर कोणाचे, हा फोटो कधीचा, यात कोण नाही.

त्या संध्याकाळी मी मावशींना तेच विचारले. बस वीस मिनिटे उशिरा आली. रिकाम्या पाटावर गणपती बसायचा, आणि दार उघडायला आई असायची. ती त्या वर्षी मे महिन्यात गेली होती. ‘‘स्टेटसात ह्या कसा लिवतलय?’’ मावशी म्हणाल्या आणि पिशवी उचलून बसकडे निघाल्या. मी ते वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सहा फोटो पुसले गेले असणार.