सीताफळाच्या बिया आणि कर्करोग

पावसाळा सरतां सरतां पुरंदरच्या माळावरचीं सीताफळें पुण्याच्या व पिंपरी-चिंचवडच्या बाजारांत येऊं लागतात. रबडी व आइस्क्रीम यांसाठीं गर काढून घेतला जातो. साली आणि बिया मात्र उकिरड्यावर जातात. या टाकाऊ बियांकडे गेलीं कांहीं दशकें रसायनशास्त्रज्ञांचें लक्ष लागलें आहे.

या बियांत ‘ॲसिटोजेनिन’ वर्गाचीं द्रव्यें असतात. आपल्या प्रत्येक पेशींत शक्ति निर्माण करणारी जणूं एक सूक्ष्म भट्टी असते. हीं द्रव्यें तिचें काम पहिल्याच पायरीवर अडवितात. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींस शक्ति फार लागते. त्यामुळें प्रयोगशाळेंतील काचपात्रांत त्या या द्रव्यांनीं मरतात. द्रव्य काढण्याची रीत सोपी दिसते. बिया वाळवून कुटावयाच्या, मद्यार्कांत भिजवावयाच्या, अर्क आटवावयाचा आणि त्यांतील घटक एकेक करून निराळे करावयाचे.

परंतु पेशीची भट्टी विझविणारें द्रव्य रोगट व निरोगी पेशींत भेद करीलच असें नाहीं. आपल्याकडे उवा मारण्यासाठीं याच बियांची पूड केसांस लावीत. ती डोळ्यांत गेली तर बुबुळास इजा होते. वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर याच कुळांतील दुसऱ्या एका झाडाचीं फळें व पाल्याचा काढा नित्य घेणाऱ्यांत कंपवातासारखा विकार अधिक दिसतो, असें १९९९ सालीं डॉक्टरांनीं निदर्शनास आणलें.

टाकाऊ वस्तु औषधाच्या कामीं येत नाहीं, असें मात्र नव्हे. मक्याचें सत्त्व काढल्यावर उरणारें पाणी वापरल्यानें अमेरिकेंत १९४१ नंतर पेनिसिलिनचें उत्पादन कितीतरी पटींनीं वाढलें. पुढें त्याच पेनिसिलिनसाठीं १९५४ सालीं आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तथापि फ्लेमिंगला १९२८ सालीं दिसलेला बुरशीचा गुण रोग्याच्या अंगीं लागण्यास सुमारें तेरा वर्षें जावीं लागलीं. द्रव्य शुद्ध करणें, मात्रा ठरविणें, प्राण्यांवर व मग माणसांवर पारख करणें, यांतील एकहि पायरी गाळतां येत नाहीं. सीताफळाच्या बियांतून कर्करोगावरील मान्य औषध अद्याप झालेलें नाहीं.

घरांत कोणास हा रोग झाला कीं आप्तेष्ट आपुलकीनें पुड्या व काढे सुचवितात, आणि त्यांत उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण असतो. तेव्हां त्यांनींच ठामपणें सांगावें कीं, बिया संशोधकांकडे जाऊं द्या, रोग्यास आधीं रुग्णालयांत न्या.