खोलीवरची आमटी



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले नोकरीनिमित्त नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीला खोली करून राहतात. जवळच वाशीचा मसाला बाजार, आणि जेवण मात्र खानावळीचे! पगार तिथेच जिरतो, पोटही बिघडते. त्यांच्यासाठी आम्ही ही साधी आमटी देत आहोत.

वाटीभर तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरला शिजवावी. चिंच आधी घालू नये. आंबटाने डाळ शिजायची अडते. दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडली की जिरे, ठेचलेला लसूण टाकावा. मग आच बारीक करून तिखट. पोरे चुकतात ती इथेच. तिखटाचा रंग तेलात उतरतो खरा, पण तेल फार तापलेले असले की तिखट करपते आणि सगळी आमटी कडू होते. लगेच घोटलेली डाळ, पाणी, मीठ, चिंचेचा कोळ, चमचाभर गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ घालून उकळी आणावी. (गूळ गावाकडून पाठवा, ऊस मात्र कारखान्यालाच घाला!)

गोडा मसाला नसला तर घरची कांदा-लसूण चटणी चालते, मग वेगळे तिखट नको. डाळीऐवजी मोडाची मटकी घेतली तरी फोडणी हीच.