शेगडी गेली, शेक राहिला

‘डोंबिवलीत कसली आलीय थंडी?’ असं म्हणून नाशिकचे नातेवाईक आम्हाला हसतात. खरंच आहे म्हणा! आमच्याकडची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. पण गुडघे धरलेल्या माणसाला ते चार दिवसही जड जातात. पहाटे पाय आखडले की माझ्या सासूबाईंना आठवते ती बाळंतिणीच्या खोलीतली कोळशाची शेगडी. एकदा तर त्यांनी ती माळ्यावरून काढायलाच लावली.

मी म्हटलं, ‘‘आई, दहा बाय दहाच्या खोलीत खिडक्या लावून कोळसे नकोत.’’ कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपेतच जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा विजेचा हीटर आणू, असं ठरलं. तीन कांड्यांचा, १२०० वॉटचा इन्फ्रारेड हीटर घरी आला.

या हीटरची गंमत अशी, की तो आधी हवा तापवत बसत नाही. उन्हात उभं राहिल्यावर अंग शेकतं ना, तसंच हे. डोळ्यांना न दिसणारे हे किरण १८०० साली विल्यम हर्शल यांना सापडले, तेही साध्या लोलक आणि थर्मामीटरच्या मदतीनं. म्हणूनच सगळी दारं-खिडक्या गच्च लावायची गरज नाही. शेक लागतो तो समोर बसलेल्याला.

पहिल्याच दिवशी हीटर सुरूच होईना! बिघडलेला माल दिला, म्हणून मी चिडले. मग माहितीपत्रक वाचलं. हीटर कलंडला तर आपोआप बंद व्हावा म्हणून त्याच्या तळाशी बटण असतं. मी तो मऊ सतरंजीवर ठेवला होता. बटण दाबलंच जात नव्हतं. उघड्या फरशीवर ठेवताच कांड्या लालबुंद झाल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र पोटात गोळा आला. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर चालू, शेजारी माझी १००० वॉटची इस्त्री. एकदम प्लास्टिक जळाल्याचा वास! मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं. बोर्ड आतून वितळला होता.

‘‘वहिनी, दोन्ही मिळून साडेनऊ अँपिअर होतात. हा बोर्ड सहाचा,’’ तो म्हणाला. मग त्यानं फ्यूज उघडून दाखवला. ‘सारखा उडतो’ म्हणून आम्हीच कधीतरी त्यात जाड तार घातली होती. म्हणजे राखणदाराला आम्हीच झोपवलं होतं! भर म्हणून इमारत जुनी, सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं, अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. सासूबाई ओल्या हातानं हीटर सरकवायच्या, हे आठवून अंगावर काटा आला.

मग हीटरसाठी सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, अर्थिंग, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. गळणारा करंट ओळखून तो क्षणार्धात वीज तोडतो. खर्च झाला खरा, पण पुढच्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळातल्या पाच जणींनी आपापले बोर्ड तपासून घेतले. त्यातल्या दोघींकडे अर्थिंग नव्हतं!

मैत्रिणींनो, एवढं जरूर लक्षात ठेवा. हीटर पडदा-पांघरुणापासून तीन फूट लांब ठेवा, त्यावर कपडे वाळत घालू नका आणि झोपताना बंद करा. वर्षभरानं लावल्यावर धूळ जळल्याचा वास थोडा वेळ येतो, पण पिन गरम लागली तर लगेच थांबा. एखादीच कांडी पेटत नसेल तर स्वतः उघडू नका. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, म्हणून त्यांचं अंतर आपणच पाहायचं. आणि बिलाची धास्ती नको. १२०० वॉटचा हीटर पन्नास मिनिटं चालला की एक युनिट होतं.

आता रोज पहाटे सासूबाई वीस मिनिटं शेक घेतात. परवा म्हणाल्या, ‘‘अगं, शेगडीसारखी याला ओव्याची धुरी नाही बघ!’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘पण धूर नाही म्हणून डोळेही चुरचुरत नाहीत.’’

शेगडी पुन्हा माळ्यावर गेली आहे. त्यांच्याच हुकमावरून!